सूर्य मावळायच्या आत: ख्रिस्ती घरातला राग आणि समेट कुठून आला

आमच्या आजीने एकदा सलग सात महिने चर्चमधलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेतलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला आमच्या चर्चमध्ये ती पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर, गीतं म्हणणार, पाळकसाहेबांचा उपदेश डोळे मिटून ऐकणार, आणि बाकीची मंडळी पुढे कठड्यापाशी गुडघे टेकायला निघाली की ही बाकावरच बसून राहणार. कारण काय, तर धाकट्या जावेशी तांब्याच्या बंबावरून वाजलं होतं. सासूबाईंचा बंब वाटणीत कुणी न्यायचा, एवढंच. आम्ही पोरं हसायचो, पण आजी म्हणायची, "मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नसतो." मला तेव्हा हा तिचा स्वतःचा हट्ट वाटायचा. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की ह्या हट्टाच्या मागे एकोणीसेकशे वर्षं उभी आहेत. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, आला की रागावर एक तरी उपदेश होतोच आणि तो चालू असताना प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत असतो, म्हणून म्हटलं हे सगळं आलं कुठून ते एकदा लिहून काढावं.

आधी शब्दच बघा. मराठी बायबलमध्ये ह्यासाठी शब्द आहे समेट. देवाने माणसाशी केला तो समेट आणि भावाने भावाशी करायचा तोही समेटच. हा काही देवळातला शब्द नाही, बांधावरच्या भांडणातला आहे, तंटामुक्त समितीपुढे दोन भाऊबंद सही करतात त्याला आपण समेट म्हणतो. येशूनंतरचा पहिल्या पिढीतला प्रचारक पौल, त्याने आपल्या पत्रांत जो ग्रीक शब्द वापरलाय त्याचाही एक जुना अर्थ पैशाची अदलाबदल असाच आहे, म्हणजे तिकडेही तो बाजारातूनच आलेला. मला हे फार आवडतं, कारण समेट म्हटला की समोर दुसरा माणूस लागतोच, एकट्याने खोलीत बसून समेट होत नाही.

आता मूळ शिकवण. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. हे आपण पटकन वाचून पुढे जातो, पण ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमात, मध्ये सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पायी तीन-चार दिवस सहज. म्हणजे असं समजा की निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून चालत निघालात, पंढरपूरच्या वेशीवर पोचलात, आणि तिथे आठवलं की सिन्नरच्या भावाशी बोलणं बंद आहे, तर मागे फिरा. आणि नीट वाचलं तर राग तुमच्या मनात आहे असं म्हटलेलंच नाही, त्याच्या मनात आहे असं म्हटलंय. चूक कुणाची हा प्रश्नच नाही, चालायचं तुम्ही.

पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांच्या पत्रातलं वाक्य तर सगळ्यांना पाठ असतं, रागवा पण पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. पहिला अर्धा भाग बायबलमधल्याच चौथ्या स्तोत्रातून घेतलाय, सूर्याचं पुढे जोडलंय. इथे रागवूच नका असं म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या. खुद्द येशूने मंदिरात सराफांची टेबलं उलटी केली, आणि मार्कच्या तिसऱ्या अध्यायात तर सरळ लिहिलंय की त्याने रागाने त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा ख्रिस्ती माणसाने रागवायचंच नाही हे जे आपल्या डोक्यात बसलंय ते मुळात तिथलं नाही. मुळात आहे ते टाइमटेबल. राग आला, ठीक, पण त्याला मुदत किती द्यायची?

आणि हे टाइमटेबल सुरुवातीच्या मंडळ्यांनी भलतंच सिरियसली घेतलं होतं. डिडाखे नावाची एक छोटी जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची धरतात, तिच्यात चौदाव्या भागात स्पष्ट आहे की ज्याचं कुणाशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडायला सामील होऊ नये, नाहीतर सगळ्यांचंच अर्पण विटाळेल. आजीचं वाक्य जवळजवळ हेच, आणि तिने डिडाखेचं नाव जन्मात ऐकलं नसणार. पुढे तिसऱ्या शतकात सीरियाकडे डिडास्कालिया म्हणून नियमांचं पुस्तक झालं, त्यात बिशपांना सांगितलंय की मंडळीतले तंटे सोमवारी ऐका. का, तर निकाल कुणाला पटला नाही आणि तो फणफणत राहिला तरी हाताशी अख्खा आठवडा असतो, रविवार येईपर्यंत दोघं एका जागी बसण्याइतके निवतात. काय व्यवहारी डोकं आहे बघा. ह्याशिवाय उपासनेत डीकन, म्हणजे बिशपांचा मदतनीस, उभा राहून मोठ्याने विचारायचा की कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का. आज आपल्याकडे असं कुणी विचारलं तर उपासना दुपारपर्यंत संपणार नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट म्हणजे शांतीचं चुंबन. जस्टिन मार्टर नावाचा ख्रिस्ती लेखक दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहितो की प्रार्थना झाल्यावर आम्ही एकमेकांचं चुंबन घेतो आणि मग भाकर आणि प्याला पुढे येतो. आज चर्चमध्ये आपण हात जोडून "शांती असो" म्हणत शेजारच्याकडे वळतो ती हीच खूण, फक्त चुंबनाच्या जागी नमस्कार आला. गंमत अशी की माणसं ज्याच्याशी काही बिनसलेलं नाही त्यालाच शोधून शोधून नमस्कार करतात, ज्याच्याशी अबोला आहे तो तीन बाक मागे असतो.

मग चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संन्यासी लोक गेले आणि तिथे रागाचा वेगळाच अभ्यास झाला. एवाग्रियस नावाच्या साधूने माणसाला छळणारे आठ विचार काढले, त्यात राग एक. त्याचं निरीक्षण असं की राग सगळ्यात जास्त प्रार्थनेच्या वेळी पकडतो, ज्याने दुखावलं त्याचा चेहरा बरोबर डोळ्यासमोर आणून उभा करतो. त्याच्या मागून आलेला योहान कासियन स्वतःबद्दल लिहितो की माणसांवर राग येतो म्हणून मी एकांतात गेलो तर तिथे बोरूवर राग यायला लागला, टोक जाड झालं म्हणून, चाकूवर, बोथट म्हणून, आणि गारगोटीवर, ठिणगी पटकन पडत नाही म्हणून. दीड हजारावर वर्षं झाली ह्याला, आता बोरूच्या जागी चार्जर घाला. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीने ह्या आठांची यादी सात महापापांची केली आणि तेव्हापासून राग सरळ पापांच्या रांगेत जाऊन बसला.

माझ्या मते इथे थोडा घोळ झाला. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापं कबूल करायची असा नियम केला, पुढे कन्फेशनची पेटी आली, आणि हळूहळू मामला तू, फादर आणि देव एवढ्यातच आटपायला लागला. ज्याच्यावर ओरडलात तो बिचारा बाहेरच राहिला. कॅथलिक लोकांना हे कळलं नाही असं नाही, १९७३ मध्ये व्हॅटिकनने ह्या संस्काराचा नवा विधी काढला तेव्हा त्यातल्या विधींच्या नावांतच समेट हा शब्द घातला.

इंग्लंडच्या चर्चने, म्हणजे अँग्लिकन लोकांनी, मात्र जुना नियम आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवला होता, आणि आपल्या नाशिकशी संबंध येतो तो इथे. १६६२ च्या त्या पुस्तकात आहे की ज्यांच्यात वैर दिसतंय त्यांना पाळकाने समेट होईपर्यंत प्रभुभोजनाच्या मेजाशी येऊ देऊ नये, आणि एकजण मनापासून माफ करायला तयार आहे पण दुसरा अडून बसलाय असं असेल तर तयार असलेल्याला येऊ द्यावं, अडेलतट्टूला नाही. चर्च मिशनरी सोसायटी ही ह्याच चर्चची, तिचं काम नाशिकमध्ये १८३२ ला सुरू झालं आणि १८५४ च्या सुमाराला विल्यम प्राइसने गावाबाहेर शरणपूर वसवलं. शरण आलेल्यांचं पूर. आज ते नाव म्हणजे रस्ता, दुकानं आणि ट्रॅफिक, पण एकेकाळी तिथे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं सुतारकाम आणि लोहारकाम शिकत होती, आणि त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत वारलेल्या डॉ. लिव्हिंग्स्टन ह्या प्रवासी मिशनऱ्याचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. असो, तो वेगळा विषय. मुद्दा एवढाच की आजीचा नियम ह्या वाटेने आला असणार.

पण मराठी ख्रिस्ती माणसाला राग आणि समेट म्हटलं की पुस्तक नाही, टिळकांचं घर आठवतं. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, १८६८ चा जन्म, १८८० मध्ये कवी नारायण वामन टिळकांशी लग्न. टिळक शीघ्रकोपी आणि बाईही काही गरीब गाय नव्हत्या, हे त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'त इतक्या हसत हसत लिहून ठेवलंय की वाचणाऱ्याला दोघांचाही राग येत नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. चार-पाच वर्षं दोघं वेगळे. बाई नातेवाइकांकडे, काही काळ पंढरपुरात. मग जवळ आल्या त्याही एकदम नाही, अहमदनगरला आधी वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल, सोवळं चालूच, आणि मग एकेक गाठ सुटत सुटत १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. सूर्य मावळायच्या आत वगैरे काही नाही हो, दीड-एक हजार सूर्य मावळले मध्ये. तरी मला हे उदाहरण उपदेशातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा खरं वाटतं, कारण ह्यात कुणी कुणाला ओढून आणलं नाही आणि आपला हेका सोडायला बाईंनी हवा तेवढा वेळ घेतला. टिळक १९१९ ला गेले, त्यांचं येशूवरचं काव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, त्यातला बराचसा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्या १९३६ मध्ये नाशिकलाच वारल्या.

आता एक गोष्ट उपदेशात सहसा येत नाही ती इथे लिहितोच. राग सोड, राग सोड हे कायम कुणाला सांगितलं जातं? सुनेला, गड्याला, खालच्या मानलेल्या जातीला. ह्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पाचेक वर्षं चालला, दार काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तो राग पाप होता असं म्हणायची माझी छाती नाही. आमच्या मंडळ्यांमध्ये दलित समाजातून आलेली घरं बरीच, त्यांना रागाची गोळी गिळा म्हणून सांगणारा पाळक मला कधी पटला नाही. जुने नियम पुन्हा बघा, सोमवारी तंटा ऐकायचा म्हणजे दोन्ही बाजू ऐकायच्या, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गप्प बसवायचं नाही.

माफी आणि कायदा हे पण लोक गुंतवतात. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात भूमिहीन लोकांसाठी काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधली. तो २००६ ला सुटला आणि पुढे केरळात राणी मारियांच्या आईला भेटायला गेला. शिक्षा त्याने भोगलीच. राखी बांधली म्हणून खटला मागे पडला नाही आणि खटला झाला म्हणून राखी अडली नाही.

चर्चांचं आपापसातलं म्हणाल तर १९२९ मध्ये नाशिकची अँग्लिकन डायोसिस, म्हणजे बिशपाचा प्रांत, झाली आणि त्याच वर्षी उत्तर भारतातली चर्चेस एकत्र आणायची बोलणी सुरू झाली, ती पार पडायला २९ नोव्हेंबर १९७० उजाडला, नागपूरला, सहा चर्चेस मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. एकेचाळीस वर्षं. आणि एवढं होऊनही जागांवरून कोर्टकचेऱ्या करणाऱ्या मंडळ्या कमी नाहीत, त्यांच्याही चर्चमध्ये लेंटमध्ये हाच उपदेश होतो.

आजीचं राहिलं. आठव्या महिन्यात एका शनिवारी दिवेलागणीच्या आधी तिने मला रिक्षा आणायला सांगितली आणि आम्ही धाकट्या आजीकडे देवळालीला गेलो. धाकट्या आजीने दार उघडलं, आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "बंब न्यायला आलात का, जाऊबाई?" आजी म्हणाली, "नाही गं, चहा प्यायला आले." दोघी स्वयंपाकघरात गेल्या, मी बाहेर बसलो, आतून बराच वेळ नुसता स्टोव्हचा आवाज. दुसऱ्या दिवशी आजी कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकून आली. घरी येताना तिला विचारलं की मग बंबाचं काय ठरलं, तर म्हणाली, "राहू दे तिच्याकडेच, त्याची तोटी गळते."