चर्चमधल्या लग्नाला पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्यांसाठी

अल्बम न्यायला आलेले यजमान हमखास विचारतात, "ग्रुप फोटो एवढे घाईत का उरकले? मामांच्या घरचा तर फोटोच नाही!" वसई पट्ट्यात चर्चमधल्या लग्नांचे फोटो काढण्यात आमची बरीच वर्षं गेली. त्यावरून सांगतो, मामांचा फोटो आमच्या आळसामुळे राहत नाही. तो कम्युनियनच्या, म्हणजे फादरांकडून भाकर घ्यायच्या, रांगेत राहतो. कसा, ते पुढे येईलच. तुमच्या पाहुण्यांत ऑफिसचे सहकारी, कॉलेजची मित्रमंडळी, सोसायटीतले शेजारी असतील, तर हे पत्रक पत्रिकेसोबत त्यांना द्या. इथून पुढचा मजकूर त्यांच्यासाठीच आहे.

पाहुणे मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे निर्धास्त या. चर्चमध्ये यायला ख्रिस्ती असावं लागत नाही, तिकीट नाही, कोणी नाव-गाव-जात विचारत नाही. दारातल्या स्वयंसेवकाला "पहिल्यांदाच आलोय" एवढं सांगितलंत की तो तुम्हाला बाकापर्यंत पोहोचवतो. पुढची दोन-तीन बाकं घरच्यांची, बाकी कुठेही बसा. आमचा सल्ला विचाराल तर मधोमध बसा. पुढचे लोक कधी उठतात-बसतात ते दिसतं आणि त्यांचं पाहून तुम्हालाही उभं राहता येतं. गुडघे टेकायची वेळ आली की तुम्ही बसून राहिलात तरी चालतं.

चपला बाहेर काढू नका. देवाचं घर म्हटल्यावर हात आपोआप चपलेकडे जातो हे खरं, पण आमच्याकडे लोक पादत्राणं घालूनच आत जातात. एका लग्नात पायरीवर चपलांचा ढीग पाहून नवरीच्या वडिलांना वाटलं, आत काहीतरी झालंय! पुरुषांनी टोपी मात्र काढावी. कपडे लग्नाला शोभतील असे, खांदे आणि गुडघे झाकणारे असले की झालं. साडीवर पदर डोक्यावरून घ्यायची सक्ती नाही. बाकाच्या पुढे खाली जी गादीची फळी असते ती पाय ठेवायची नाही, गुडघे टेकायची आहे. हे सांगावं लागतं, कारण फोटोत ती फळी आणि त्यावरचे बूट फार स्पष्ट येतात.

"मुहूर्त कधीचा? अक्षता कधी?" हे दोन प्रश्न आम्हाला प्रत्येक लग्नात येतात. मुहूर्त नसतो, अक्षता नसतात. पत्रिकेवर ४ लिहिलं असेल तर ४ वाजता गायन सुरू होतं, आणि पावणेपाचला येणाऱ्याचं लग्न बहुतेक हुकलेलं असतं. कारण वचनं आणि अंगठ्या शेवटी नसतात, पहिल्या भागातच येतात. आधी प्रवेशगीत, मग बायबलमधली वाचनं, मग फादरांचं प्रवचन, आणि लगेच विवाहविधी. तिथे एक गोष्ट नीट बघा. कॅथलिक समजुतीप्रमाणे लग्न फादर लावत नाहीत. वधूवर स्वतःच एकमेकांना वचन देऊन लावतात, फादर चर्चच्या वतीने साक्ष देतात. त्यांच्याशिवाय आणखी दोन साक्षीदार लागतात, त्यांच्या सह्या नोंदवहीत होतात. म्हणून त्या दोन मिनिटांत आम्ही कोणाकडे बघत नाही, बोलत नाही, आणि कोणी मोबाइल वर धरून मधल्या वाटेत आलं तर मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

सगळं मराठीत चालतं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये व्हायची. नंतर लोकभाषा आली. बऱ्याच ठिकाणी गायकांच्या साथीला पेटी-तबला असतो. पहिल्यांदा येणारे त्याने चकित होतात आणि मग आरामात बसतात. मध्ये एकदा सगळे वळून शेजाऱ्याला हात जोडून शांती देतात. तुम्हीही जोडा. दानाची पिशवी फिरली तर टाकायचं की नाही ही तुमची मर्जी. पुढे सरकवलीत तरी कोणी वळून बघत नाही.

आता ती कम्युनियनची रांग. मिस्सेच्या शेवटच्या भागात घंटी वाजते, लोक गुडघे टेकतात, आणि थोड्या वेळाने एकेक बाक रिकामं होऊन माणसं वेदीकडे निघतात. फादर प्रत्येकाला पातळ, गोल, रुपयाच्या नाण्याएवढी भाकर देतात. ती फक्त गहू आणि पाण्याची, बिनखमिराची असते. शेजारचं कोणीतरी कुजबुजतं, "प्रसाद आहे." आता आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणणं म्हणजे अपमान. त्यातून बाकाच्या टोकाला उभा असलेला स्वयंसेवक हात करतो, तो आपल्यालाच बोलावतोय असं वाटतं. पाहुणे उठतात. चूक त्यांची नाही, कोणी सांगितलेलंच नसतं.

पण हा प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच असतं. त्याआधी निदान तासभर काही खायचं नसतं, मनाचीही तयारी हवी असते. म्हणून कितीतरी कॅथलिकसुद्धा त्या वेळी जागेवरच बसून राहतात. तुम्ही बसलात तर उद्धटपणा होत नाही, यजमानांना वाईट वाटत नाही. बाकावरच्यांना बाहेर पडायला पाय आवरून वाट द्या, बस्स. प्रसादाची हौस हॉलवर केक आणि वाइनने भागते.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण एक लग्न. एका सज्जन काकूंनी भाकर हातात घेतली, "थँक यू फादर" म्हणाल्या, रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली. घरी सासूबाईंना द्यायची होती. फादर थांबले. एक सिस्टर काकूंच्या मागे हळूच गेल्या, समजावलं, रुमाल उघडला. गायकांनी तेच गाणं तिसऱ्यांदा घेतलं. कोणी रागावलं नाही, पण बारा मिनिटं गेली. सहाला पुढची मिस्सा होती, चर्च रिकामं करून द्यायचं होतं. ती बारा मिनिटं वेदीसमोरच्या ग्रुप फोटोंमधून कापली गेली, आणि नवऱ्याचे मामा अजून आम्हाला बाजारात दिसले की रस्ता बदलतात.

आता परत यजमानांसाठी थोडं. "पैसे घेता, मग कोपऱ्यात का उभे राहता?" असं काहीजण विचारतात. आम्ही वेदीच्या पायऱ्या चढत नाही, घंटी वाजल्यापासून फ्लॅश आणि चालणं बंद ठेवतो. लांबची लेन्स घेऊन खांबाआडून काढलेल्या फोटोत नवरीचे डोळे भरलेले दिसतात; दोन फुटांवर कॅमेरा असला की ती हसायला लागते. आमच्यासारखे फोटो शेजारच्या स्टुडिओत का नाहीत असं कोणी विचारलं, तर कारण एवढंच.

वधू-वरांपैकी एकजण ख्रिस्ती नसेल तर आम्हाला आधी सांगा. बिशपांच्या परवानगीने होणाऱ्या अशा लग्नात बहुधा मिस्सा नसते, वाचनं, प्रवचन आणि विवाहविधी एवढंच असतं. रांगेचा प्रश्नच येत नाही आणि वेळापत्रक वेगळं लावावं लागतं. आमच्या पॅकेजमध्ये आदल्या दिवशी चर्चमध्ये येऊन उजेड बघणं आणि फादरांना भेटणं धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कम्युनियनच्या आधी दोन वाक्यांची सूचना द्यायची विनंतीही आम्हीच त्यांना करतो. बरेच फादर आनंदाने देतात.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं सहसा लागत नाहीत. त्यामुळे ईस्टरनंतरच्या तारखा फार लवकर भरतात, तेव्हा चर्चची तारीख मिळाली की त्याच दिवशी आम्हाला कळवा. या पत्रकाच्या प्रती काउंटरवर आहेत, फुकट. पत्रिकेच्या पाकिटात बसतील अशा घडीच्या केल्यात.