मोफत विधी सेवा

ज्या व्यक्तीला वकील देण्याची किंवा न्यायालयीन खर्च भागवण्याची ऐपत नाही, किंवा जिचा समावेश कायद्याने संरक्षण दिलेल्या गटांत होतो, तिला शासनाच्या खर्चाने मिळणारे कायदेशीर साहाय्य म्हणजे मोफत विधी सेवा. महाराष्ट्रातील तालुका न्यायालयांच्या आवारात या सेवेसाठी विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तरीही कोर्टाची पायरी चढलेल्या अनेकांना ते ठाऊक नसते. याचे एक कारण भाषेत दडलेले आहे. बोलताना लोक या वकिलाला ‘सरकारी वकील’ म्हणतात. पण सरकारी वकील फौजदारी खटल्यात राज्याच्या वतीने, म्हणजे बहुधा आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो. विधी सेवेचा वकील मात्र पक्षकाराचाच असतो. हा फरक न उमगल्यामुळे गरजू माणूस त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाही, आणि बचावाचे नुकसान तिथूनच सुरू होते.

या सेवेचा घटनात्मक पाया 1976 सालच्या 42व्या घटनादुरुस्तीने घातलेल्या अनुच्छेद 39अ मध्ये आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्याने त्याची थेट अंमलबजावणी न्यायालयातून मागता येत नव्हती. ती उणीव सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 21 मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी ही सेवा जोडून भरून काढली. या वाटचालीत महाराष्ट्रातून गेलेल्या दोन प्रकरणांचे स्थान मोठे आहे. ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (1978) या निकालात शिक्षा झालेल्या कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य व वेळेत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले. ‘शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (1983) हे प्रकरण मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी एका पत्रकार महिलेने न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून उभे राहिले. त्यात, अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, असा आदेश झाला. मदत मागणाऱ्याने ती शोधत यावे याऐवजी मदतीनेच त्याच्यापर्यंत पोहोचावे, हा विचार या आदेशामागे आहे आणि तो आजही पुरता रुजलेला नाही. ‘सुक दास’ प्रकरणात (1986) न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, आरोपीने मागणी केली नाही एवढ्यावरून त्याचा हक्क बुडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 साली संमत झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय व राज्य पातळीवर प्राधिकरणे, उच्च न्यायालयासाठी समिती, जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण आणि तालुक्यात तेथील ज्येष्ठ न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती अशी रचना आहे. गोव्यासाठी स्वतंत्र राज्य प्राधिकरण आहे.

कोणाला ही सेवा मिळते, हे कलम 12 मध्ये सांगितले आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर, भूकंप, दुष्काळ, जातीय अत्याचार यांसारख्या आपत्तींत सापडलेले लोक आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नोकरी करणाऱ्या, स्वतःचे घर असलेल्या स्त्रीलाही पोटगीच्या दाव्यात ही सेवा मागता येते. ‘आपण काही गरीब नाही’ या संकोचापायी अनेक जणी मागे राहतात, त्यांनी हे कलम जरूर वाचावे. उत्पन्नाची मर्यादा लागू होते ती उरलेल्या अर्जदारांना, आणि महाराष्ट्रात ती वार्षिक 3 लाख रुपये आहे. उत्पन्नाविषयी अर्जदाराचे शपथपत्र, त्यावर अविश्वास दाखवण्याजोगे कारण नसेल तर, पुरेसे मानता येते.

सेवा मिळवण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे आपल्या तालुका किंवा जिल्हा न्यायालयात जाऊन विधी सेवा कार्यालयाची चौकशी करणे. 15100 या क्रमांकावर दूरध्वनीनेही मार्गदर्शन मिळते. अर्ज मराठीत चालतो. लिहिता-वाचता न येणाऱ्याचे म्हणणे ऐकून कार्यालयाने ते लिहून घ्यावे आणि त्यावर त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, अशी तरतूद आहे. सोबत प्रकरणाची कागदपत्रे असतील तेवढी न्यावीत. समन्स, नोटीस किंवा निकालपत्र यांवरील तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण अपिलाची व कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत अर्ज केल्याने थांबत नाही. तारीख उलटायला थोडे दिवस उरले असतील, तर ते अर्जाच्या पहिल्या ओळीतच लिहावे.

अर्ज मंजूर झाल्यावर पॅनेलवरील, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतील, वकील नेमला जातो आणि न्यायालयीन शुल्क, मसुदा तयार करणे व प्रती मिळवणे यांचा खर्च प्राधिकरण सोसते. फौजदारी बचावासाठी 2022 पासून अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ काम करणारी लोक अभिरक्षक कार्यालये, म्हणजे विधी सेवेच्या बचाव वकिलांची कार्यालये, सुरू झाली आहेत. दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोड शक्य असेल, तर प्रकरण लोकन्यायालयापुढे ठेवता येते. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, परंतु निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून तडजोडीचा मसुदा शांतपणे वाचून, न समजलेला शब्द विचारून मगच सही करावी.

नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून कोणत्याही नावाखाली पैसे घेणे नियमबाह्य आहे. तसे घडल्यास, किंवा वकील तारखांना हजर राहत नसल्यास, जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो. अर्ज फेटाळला गेला, तर त्या निर्णयाविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.