कृतियुक्त अध्ययन (प्राथमिक शाळेचे पहिले वर्ग)

वस्तू हाताळत, मोजत, ओतत, जोडत आणि सोडत एखादी संकल्पना शिकण्याच्या पद्धतीला कृतियुक्त अध्ययन म्हणतात. साधारण ५ ते ८ वर्षांच्या मुलांच्या वर्गात ती सर्वाधिक वापरली जाते. शिक्षकाने दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दाखवला आणि मुलांनी तो पाहिला, तर ते प्रात्यक्षिक झाले. मुलाने स्वतः बांधला, नऊच काड्या भरल्या, शेजाऱ्याने ते पकडले आणि पुन्हा मोजून दहावी घातली, तर ती कृती. हस्तकलेशीही तिची गल्लत होते. ठरलेल्या नमुन्यावर कापूस चिकटवून ससा केला की हात चालतात, पण विचार करावा लागेल असे त्यात फारसे काही नसते.

या विचाराला मोठी परंपरा आहे. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉत्सी (१७४६–१८२७) यांनी शब्दांआधी वस्तू, असा आग्रह धरला. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत बालशाळा काढून गोल, दंडगोल आणि घन अशा साहित्याचे क्रमवार संच तयार केले. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. एक मणी, दहांची काडी, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन हे त्यांच्या पद्धतीतले मणी-साहित्य आजही वापरात आहे. १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या रंगीत पट्ट्या बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझेनेर यांच्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशी ज्ञानाची तीन रूपे मांडली. ‘आधी वस्तू, मग चित्र, मग अंक’ हा वर्गातला क्रम बराचसा त्यावर उभा आहे.

काड्या आणि गठ्ठे

दशक-एकक शिकवायला याहून स्वस्त आणि नेमके साधन नाही. दोन मुलांच्या जोडीला ५० काड्या आणि ५ रबर पुरतात. पातळ रबर पाच-सहा वर्षांच्या बोटांना आवरत नाही, तुटते आणि गोफणीसारखे उडते. त्यामुळे केसांना लावायचे जाड कापडी रबर बरे. काड्या एकाच लांबीच्या हव्यात. लांब-आखूड काड्या मिसळल्या की काही मुले लांब काडीलाच दशक समजतात. सोबत कागदावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘दशक’ आणि उजवीकडे ‘एकक’ असे दोन रकाने करावेत.

२७ + १५ घेऊ. एकाकडे २ गठ्ठे, ७ सुट्या. दुसऱ्याकडे १ गठ्ठा, ५ सुट्या. एकत्र केल्यावर ३ गठ्ठे आणि १२ सुट्या होतात. इथे थांबून मुलांना लिहायला सांगितले, तर काही जण ‘३१२’ लिहितात. त्यांच्या समोर जे दिसते त्याची ती प्रामाणिक नोंद आहे, म्हणून लगेच खोडू नये. एकक रकान्यात नऊपेक्षा जास्त काड्या ठेवायच्या नाहीत, हा नियम आठवून द्यावा. मग दहांना रबर लागते, नवा गठ्ठा रेघ ओलांडून डावीकडे जातो आणि ४ गठ्ठे २ सुट्या उरतात. वहीत दशकाच्या डोक्यावर लिहिलेला हातचा १ म्हणजे हाच गठ्ठा. तो लिहायचा क्षण आणि गठ्ठा सरकवायचा क्षण एकच असावा. आधी सगळे काड्यांनी करून घेतले आणि वही अर्ध्या तासाने उघडली, तर मुलांच्या लेखी ते दोन वेगळे खेळ होतात. कृती वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

वजाबाकीत काड्यांचे बळ आणखी दिसते. ४२ – १७ मध्ये मूल वहीत सवयीने मोठ्यातून लहान काढते, म्हणजे ७ – २ करून ३५ लिहिते. काड्यांसमोर ही पळवाट नाही. सुट्या दोनच आहेत आणि द्यायच्या आहेत सात. गठ्ठा सोडावाच लागतो. ३ गठ्ठे आणि १२ सुट्या झाल्यावर ७ सुट्या आणि १ गठ्ठा काढला की २५ राहतात. ‘दशक सुटा करणे’ हे शब्द मुलाच्या हातात खरे होतात ते इथे. दहांचे ठोकळे सुटे करता येत नाहीत, ते दहा एककांशी बदलून घ्यावे लागतात. म्हणून आधी काड्या, मग ठोकळे. चिकटवून तयार केलेले गठ्ठे तर या कामी निरुपयोगीच.

मराठी संख्यानामांची अडचणही इथे सुटायला मदत होते. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून ७२ लिहिले जाते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९. दोन गठ्ठे, नऊ सुट्या आणि तिसरा गठ्ठा व्हायला एकच काडी कमी, असे समोर मांडले की ‘एकोण’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मोजमाप, पाणी आणि बिया

बाकाची लांबी प्रत्येकाने आपल्या वितीने मोजली की उत्तरे वेगळी येतात. प्रमाणित एककाची गरज त्या भांडणातूनच पटते, म्हणून ते लवकर मिटवू नये. मधे फट सोडणे, एकावर एक वीत चढवणे आणि पुढे पट्टी हाती आल्यावर ०ऐवजी १पासून सुरुवात करणे या नेहमीच्या चुका.

तरंगणे-बुडणे यात ‘जड ते बुडते’ हा समज घट्ट असतो. मातीचा गोळा बुडतो आणि त्याच मातीची पसरट वाटी तरंगते, हे पाहिल्यावर तो हलतो. यासाठी तेलमिश्रित खेळमाती घ्यावी. साधी माती पाण्यात विरघळून गाळ होते आणि मूल त्यावरून भलताच निष्कर्ष काढते.

घेवड्याच्या बिया रात्रभर भिजवून पारदर्शक पेल्याच्या कडेला ओल्या टिपकागदाआड ठेवल्या, तर काही दिवसांत मूळ बाहेर आलेले दिसते. बी पाण्यात बुडवून ठेवले तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजते. प्रत्येक पेल्यात तीन-चार बिया ठेवाव्यात, म्हणजे एक न उगवल्याने कोणी हिरमुसत नाही. मोठा सापळा अंधाराच्या प्रयोगात आहे. कपाटातले रोप उजेडातल्या रोपापेक्षा भराभर उंच होते. उंचीच मोजणाऱ्या वर्गाला ‘अंधारात रोपे छान वाढतात’ असे वाटते. तक्त्यात रंग, पानांचा आकार आणि खोडाची जाडी हे रकाने हवेतच, आणि पिवळट रोप कोलमडेपर्यंत निरीक्षण चालू ठेवावे.

अक्षरे

धूळपाटी ही यातली सर्वांत जुनी कृती. ताटात सुमारे अर्धा सेंटिमीटर कोरडी बारीक वाळू पसरावी. थर जाड असला तर तळ दिसत नाही आणि अक्षर उठत नाही. ताटाचा तळ वाळूपेक्षा गडद असावा. अक्षरपत्त्यांतून शब्द जुळवताना पहिल्या वेलांटीशी अडखळणे ठरलेले. तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो, पण ती मांडायची त्याच्या आधी. ‘किती’ या एकाच शब्दात दोन्ही वेलांट्या दोन बाजूंना येतात, म्हणून सरावाला तो सोयीचा.

वर्गातली व्यवस्था

३५–४० मिनिटांच्या तासात पहिली पाच मिनिटे मुलांना साहित्याशी मनसोक्त खेळू द्यावीत. नवी वस्तू हाती आल्यावर मूल मनोरा रचणारच, आणि तो वेळ न दिल्यास तास संपेपर्यंत मनोरेच होतात. चारांहून मोठ्या गटात दोघे काम करतात आणि बाकीचे बघतात. साहित्य आधीच मोजून पिशव्यांत भरावे आणि गोळा करतानाही मुलांकडून मोजून घ्यावे. शेवटची दहा मिनिटे बोलण्यासाठी राखावीत. सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी यांनाच. रंगीबेरंगी, खेळण्यासारखे आकार मोजायला टाळावेत, कारण मूल घोडे मोजत नाही, पळवते. बिया आणि मणी नाका-कानात जाऊ शकतात, आणि बी ओलाव्याने फुगत असल्याने ते आत अडकल्यास स्वतः न काढता डॉक्टरांकडे न्यावे.

साहित्य कधी काढून घ्यायचे, हे मुलाकडे पाहून ठरवावे लागते. मूल काड्यांकडे न बघता उत्तर सांगून मग काड्यांनी पडताळू लागले, की ती वेळ आली. त्याआधी एक साधी तपासणी करता येते. ३४ काड्या सुट्याच समोर ठेवून मुलाला मोजायला आणि संख्या लिहायला सांगावे. मग लिहिलेल्या ४वर बोट ठेवून तेवढ्या काड्या दाखवायला सांगावे, त्यानंतर ३वर. गठ्ठे पाठ झालेली अनेक मुलेही ३साठी तीनच काड्या उचलतात आणि मधे उरलेल्या सत्तावीस काड्यांचे त्यांना काहीच वाटत नाही.