डेस्मोग्लेइन १ आणि डेस्मोग्लेइन ३: ट्यूब मागवायच्या आधी

या दोन प्रोटीन्सच्या नावात फरक एका आकड्याचा, कॅटलॉगमध्ये दोन्ही एकाखाली एक, दोन्हींपुढे "रिकॉम्बिनंट ह्यूमन" (माणसाच्या जीनवरून लॅबमध्ये बनवलेलं) लिहिलेलं, त्यामुळे खूप जण धरून चालतात की एक नाही मिळालं तर दुसऱ्यावर भागेल. नाही भागत.

दोन्ही कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रोटीन्सच्या, घराण्यातलीच आहेत. त्वचेच्या पेशी डेस्मोसोम नावाच्या जागी एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकड ज्या प्रोटीन्समुळे टिकते त्यातली ही दोन. जीन दोघांचे १८ नंबरच्या क्रोमोसोमवर, लांबीही जवळपास तेवढीच, १ नंबर १०४९ अमिनो ॲसिडचं आणि ३ नंबर ९९९ चं. वेगळेपण आहे ते कुठे सापडतात यात. त्वचेत १ नंबर वरच्या थरांत जास्त, ३ नंबर तळाकडच्या थरांत. तोंडाच्या आतल्या अस्तरात मात्र ३ नंबर सगळीकडे भरपूर आणि १ नंबर अगदी कमी.

एवढं डोक्यात बसलं की पेम्फिगसचं कोडं बरंचसं सुटतं. या आजारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लेइनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि पेशी सुटून फोड येतात. फक्त ३ नंबरवर हल्ला झाला तर तोंडात जखमा होतात पण अंगावरची त्वचा बरीचशी वाचते, कारण तिथे १ नंबर पकड सांभाळून घेतं. फक्त १ नंबरवर झाला तर उलटं, वरवरचे फोड अंगावर येतात आणि तोंड ठीक राहतं, याला पेम्फिगस फोलिएशियस म्हणतात. दोन्हींवर झाला तर दोन्हीकडे त्रास. मला तरी हे लॉजिक फार सुंदर वाटतं, आजार वाईट असला तरी.

स्टॅफिलोकोकस ऑरियस या बॅक्टेरियाचं एक्सफोलिएटिव्ह टॉक्सिन (त्वचा सोलवटणारं विष) तर याहून चोखंदळ. ते १ नंबरलाच कापतं, तेही ठरलेल्या एकाच ठिकाणी, ३८१ व्या ग्लुटामिक ॲसिडनंतर, आणि ३ नंबरला हातच लावत नाही. म्हणजे टॉक्सिनच्या प्रयोगात चुकून ३ नंबर घातलं तर जेलवर (जिथे प्रोटीन आकारानुसार वेगळी होतात) कापलेला तुकडा दिसणारच नाही आणि तुम्ही बिचाऱ्या टॉक्सिनला नावं ठेवत बसाल. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, मात्र ३ नंबर एकदम बेस्ट.

आता दोघांनाही लागू असलेली भानगड. ट्यूबमध्ये बहुतेकदा अख्खं प्रोटीन नसतंच, पेशीबाहेरचा तुकडा असतो, म्हणून पुस्तकात १ नंबरला १६० आणि ३ नंबरला १३० किलोडाल्टन (प्रोटीनचं वजन) वाचून जेलवर तेवढ्यावर बँड, म्हणजे प्रोटीनचा पट्टा, शोधाल तर सापडणार नाही, तो बराच खाली येतो. लेबलवर कुठून कुठपर्यंतचे अमिनो ॲसिड लिहिलेत ते आधी बघा. आणि हा तुकडा कॅल्शियम असेल तरच नीट आकारात राहतो. पेशंटच्या बऱ्याच अँटीबॉडी तो आकारच ओळखतात, टॉक्सिनलाही तोच लागतो, कॅल्शियम काढलं किंवा प्रोटीन ५६ डिग्रीला तापवलं तर कापणं बंद. त्यामुळे सवयीने बफरमध्ये ईडीटीए टाकू नका, ते कॅल्शियम पकडून ठेवतं, प्लीज, आणि फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम घालायला गेलात तर खाली साका बसू शकतो, त्यापेक्षा ट्रिस बरा.

कशात बनवलंय तेही बघा. १९९७ मध्ये पेम्फिगसच्या एलायझासाठी (सीरममधल्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट) हे तुकडे बॅक्युलोव्हायरस हा कीटकांचा व्हायरस वापरून कीटकांच्या पेशींत बनवले होते, ते याच आकारासाठी. ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेला तुकडा बरेचदा नीट घडी पडलेला नसतो, तो पेशंटच्या सीरमसाठी घेऊ नका. पण घडी उलगडलेली सरळ साखळी ओळखणारी अँटीबॉडी वेस्टर्न ब्लॉटवर तपासायची असेल तर तोच घ्या, तिथे प्रोटीन उकळूनच घालायचं असतं.