जोड कोण लावतं?

२ जुलै १९२१. न्यूयॉर्कच्या शेजारच्या जर्सी सिटीत केवळ एका लढतीसाठी लाकडी फळ्यांचं भलंमोठं मैदान उभारलं होतं आणि ऐंशी हजारांच्या आसपास माणसं त्यात दाटीवाटीने बसली होती. एका कोपऱ्यात हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी. दुसऱ्या कोपऱ्यात फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिए, जाहीर वजनानुसारच सातेक किलोंनी हलका, मुळात खालच्या वजनगटाचा विजेता. निकाल काय लागणार याचा अंदाज जाणकारांना होताच. चौथ्या फेरीत कार्पांतिए आडवा झाला. तिकिटांचा गल्ला मात्र जमला सुमारे १७ लाख ८९ हजार डॉलर! बॉक्सिंगच्या इतिहासात दहा लाखांचा आकडा त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला गेला.

एवढी माणसं काय बघायला आली होती? कार्पांतिए पहिल्या महायुद्धातला पदकविजेता वैमानिक, दिसायला राजबिंडा. डेम्प्सीवर सैन्यभरती चुकवल्याचा आरोप झाला होता. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, लोकांनी नव्हतं सोडलं. आयोजक टेक्स रिकार्डने इथे दोघांची ताकद तोलली नव्हती. त्याने एक नायक आणि एक खलनायक समोरासमोर उभे केले होते.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात याला ‘जोड लावणं’ म्हणतात. जत्रेत बारकी पोरं लंगोट लावून मैदानात उतरली की पंच वय आणि अंग बघून दोघांना भिडवतात. शेवटच्या, मोठ्या इनामाच्या कुस्तीचं तसं नसतं. ती आधीच ‘नेमलेली’ असते. पोस्टरवर पैलवानांचे फोटो आणि इनामाचा आकडा छापून झालेला असतो. ती नेमताना यात्रा कमिटी दोघं तुल्यबळ आहेत का ते बघते, आणि कोणाच्या नावावर मैदान भरेल तेही बघते. या दोन प्रश्नांची उत्तरं नेहमी जुळत नाहीत, आणि व्यावसायिक लढतींचं सगळं अर्थशास्त्र या न जुळण्यात आहे.

१९५६ साली सायमन रॉटेनबर्ग या अर्थतज्ज्ञाने बेसबॉल खेळाडूंच्या बाजाराचा अभ्यास करताना एक मुद्दा मांडला: निकाल अनिश्चित असेल तरच लोक पैसे मोजून खेळ बघायला येतात. १९६४ मध्ये वॉल्टर नीलने तो थेट बॉक्सिंगच्या रिंगणात नेला. कुठल्याही दुकानदाराला समोरचं दुकान बंद पडलेलं हवंच असतं. बॉक्सरला ते परवडत नाही, कारण समोरचा माणूस हाच त्याच्या मालाचा अर्धा हिस्सा. नीलने याला नाव दिलं ‘लुईस-श्मेलिंग विरोधाभास’. जो लुईसला १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. २२ जून १९३८ ला दोघं पुन्हा भिडले तेव्हा यँकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांची गर्दी होती. लुईसने अवघ्या १२४ सेकंदांत हिशेब चुकता केला. आधीची हार नसती तर त्या १२४ सेकंदांना एवढी किंमत आली नसती.

पण मग कार्पांतिएचं काय? तिथे अनिश्चितता जवळजवळ नव्हतीच. इथे तिसरा अर्थतज्ज्ञ कामाला येतो. शर्विन रोझेनने १९८१ मध्ये ‘सुपरस्टार’चं गणित मांडलं: एकच सादरीकरण एकाच वेळी लाखो लोकांपर्यंत पोचवता आलं की बाजारातली बहुतेक कमाई मूठभर नावांकडे ओढली जाते. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कौशल्यात थोडासाच मागे असतो, मिळकतीत मात्र फार मागे पडतो. टीव्हीवर एकेका लढतीचे वेगळे पैसे भरायची ‘पे-पर-व्ह्यू’ पद्धत आली आणि लढतींच्या धंद्यात हे टोकाला गेलं.

आता जगज्जेत्याच्या जागी बसून हिशेब करू. आकडे काल्पनिक आहेत. तुम्ही अजिंक्य आहात आणि अजिंक्य राहिलात तर पुढची कारकीर्द १०० कोटींची, हरलात तर ४० कोटींची. समोर दोन प्रस्ताव आहेत. पहिला प्रतिस्पर्धी नावाजलेला, पण उतरणीला लागलेला. मानधन २० कोटी, जिंकण्याची शक्यता ९० टक्के. दुसरा तरुण, घातक, पण त्याला कोणी ओळखत नाही. मानधन ८ कोटी, शक्यता ५५ टक्के. पहिल्या लढतीची अपेक्षित किंमत: २० अधिक ९० (१०० चे ९० टक्के) अधिक ४ (४० चे १० टक्के), म्हणजे ११४ कोटी. दुसरीची: ८ अधिक ५५ अधिक १८, म्हणजे ८१. त्या तरुणाशी लढायला तुम्ही राजी व्हावं म्हणून आयोजकाला ८ ऐवजी ४१ कोटी मोजावे लागतील. ज्याच्या नावावर तिकीट खपत नाही त्याच्यासाठी एवढे पैसे कोण काढणार?

म्हणून ‘घाबरला, पळाला’ असं चाहते ओरडतात तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. पळणाऱ्याला बहुतेकदा गणित येत असतं. त्यातून एक विचित्र शिक्षा तयार होते: जो फार चांगला आहे पण लोकप्रिय नाही, त्याच्या वाट्याला रांगेत उभं राहणंच येतं. कधीकधी या रांगेमागे गणितापेक्षा ओंगळ कारण असतं. १९२० च्या दशकात डेम्प्सीचा सर्वांत तगडा आव्हानवीर होता कृष्णवर्णीय हॅरी विल्स. १९२५ मध्ये करारावर सह्यासुद्धा झाल्या, लढत मात्र कधीच झाली नाही. १९१० साली जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्याने गोऱ्या जेफ्रीजला हरवल्यावर अमेरिकेत दंगली उसळल्या होत्या आणि ती लढत रिकार्डनेच भरवली होती. वंशद्वेष आणि गल्ल्याची काळजी यांची इथे अशी सरमिसळ झाली आहे की दोन्ही वेगळं करून दाखवणं अवघड.

रांगेचा आणखी एक उपयोग आयोजकांना सापडला आहे. लढत मुरू द्यायची, लोणच्यासारखी. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या वाटाघाटी २००९ च्या अखेरीस सुरू झाल्या आणि लढत झाली २ मे २०१५ ला. तोवर मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा झाला होता. लढत कंटाळवाणी झाली. अमेरिकेत ती ४६ लाख ठिकाणी विकत घेऊन पाहिली गेली, म्हणजे विक्रमच. कानेलो अल्वारेझने मे २०१६ मध्ये आपला डब्ल्यूबीसी (किताब देणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक) किताब सोडून दिला, पण गेनाडी गोलोव्हकिनशी तेव्हा लढला नाही. मार्च २०१७ मध्ये डॅनियल जेकब्सविरुद्ध गोलोव्हकिनला पूर्ण बारा फेऱ्या खेळाव्या लागल्या, त्याची सलग २३ नॉकआउटची मालिका तुटली. आणि मे महिन्यात कानेलोशी लढत जाहीर झाली! योगायोग असेलही. माझा विश्वास बसत नाही. सप्टेंबरमध्ये रिंगणात उतरताना गोलोव्हकिन ३५ वर्षांचा होता, कानेलो २७ चा, आणि तरीही लढत बरोबरीत सुटली.

मग क्रमवारी कशासाठी असते, असं कोणीही विचारेल. बॉक्सिंगमध्ये किताब देणाऱ्या चार मोठ्या संस्था आहेत आणि किताबाच्या लढतीतल्या मानधनाचा काही हिस्सा, साधारण तीन टक्क्यांपर्यंत, त्या फी म्हणून घेतात. म्हणजे मानधन जितकं मोठं तितकी फी मोठी. परीक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या खिशातून निघाला तर गुणपत्रिकेवर किती भरवसा ठेवायचा? १९७७ मध्ये प्रवर्तक डॉन किंग आणि एबीसी वाहिनीने भरवलेली एक स्पर्धा तर मध्येच गुंडाळावी लागली, कारण काही बॉक्सरांच्या खात्यात न झालेले विजय लिहिले गेले होते. अमेरिकेने २००० साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला आणि क्रमवारीचे निकष जाहीर करणं संस्थांवर बंधनकारक केलं. ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं त्या मिश्र मार्शल आर्ट्सला तो लागू नाही.

तिथे कारभार आणखी सुटसुटीत आहे. यूएफसी या तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीत लढत भरवणारी, किताब देणारी आणि जोड लावणारी कंपनी एकच. ‘मॅचमेकर’ हे तिथलं पगारी पद आहे. २०१३ पासून पत्रकारांच्या मतांवर क्रमवारी निघते, पण ती पाळायची सक्ती कंपनीवर नाही. याचा फायदाही आहे. बॉक्सिंगमध्ये दोन प्रवर्तक सहा-सहा वर्षं भांडत बसतात, तशी वेळ इथे क्वचित येते. तोटा असा की नावाला रांग लागू नाही. ब्रॉक लेस्नर कुस्तीच्या करमणुकीतून आलेला तारा. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये त्याच्या खात्यावर दोन विजय आणि एक हार एवढंच होतं, तेव्हा नोव्हेंबर २००८ मध्ये त्याला थेट हेवीवेट किताबाची लढत मिळाली. तो जिंकला, हा भाग वेगळा. कॉनर मॅकग्रेगरने डिसेंबर २०१५ मध्ये जोसे आल्डोला १३ सेकंदांत पाडून फेदरवेट किताब घेतला, तो एकदाही राखायला उतरला नाही आणि अकरा महिन्यांनी वरच्या गटाच्या किताबासाठी लढला. फेदरवेटचे बाकीचे आव्हानवीर काय करत होते? वाट बघत होते. लढवय्यांनी या कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला होता. तो ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला आणि २०२५ मध्ये कोर्टाने तिला अंतिम मान्यता दिली.

उलट उदाहरणंही आहेत आणि मला तीच जास्त बोलकी वाटतात. बॉक्सर ओलेक्सांद्र उसिकने क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात सप्टेंबर २०१७ ते जुलै २०१८ या दहा महिन्यांत हुक, ब्रिडिस आणि गासिएव्ह यांना ओळीने हरवून चारही किताब एकत्र केले. लढती बाद पद्धतीच्या स्पर्धेत होत्या, समोर कोण येणार हे तक्ता ठरवत होता. पण असल्या तक्त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, याचं एक कारण मला असं दिसतं की क्रूझरवेटमध्ये नाही म्हणण्याइतका श्रीमंत कोणीच नव्हता. हेवीवेटमध्ये तेच काम करायला सौदी पैसा लागला. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये उसिकने टायसन फ्युरीला हरवलं. १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटला प्रथमच निर्विवाद जगज्जेता मिळाला. तिकिटांतून खर्च निघालाच पाहिजे अशी घाई नसलेला यजमान असला की अडलेली जोड जुळते.

आपल्याकडे त्याला राजाश्रय म्हणायचे. गामा पैलवान १९१० मध्ये लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेतलं नाही. त्याने उघड आव्हान दिलं, अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला पाडलं, आणि मग कुठे पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी त्याची कुस्ती लागली. १० सप्टेंबरला झ्बिस्को अडीच तासांच्या आसपास मातीला चिकटल्यासारखा पालथा पडून राहिला. कुस्ती सुटली नाही. आठवड्याने पुन्हा भिडायचं ठरलं, झ्बिस्को आलाच नाही. ती निकाली व्हायला १९२८ साल उजाडलं. पतियाळाच्या महाराजांनी दोघांना मैदानात आणलं तेव्हा दोघंही पन्नाशीला टेकले होते. अठरा वर्षं मुरलेली ती कुस्ती एक मिनिटही चालली नाही. गामाने झ्बिस्कोला चितपट केलं.