वळणावर डोळे कुठे असतात?

मुरलेल्या चालकाला विचारा, वळण घेताना नक्की कुठे बघतोस? "कुठे म्हणजे? समोर!" संशोधक मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोतल्या आर्थर्स सीट टेकडीच्या नागमोडी रस्त्यावर चालकांची नजर कॅमेऱ्यानं टिपली, तेव्हा वेगळंच दिसलं. १९९४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यांनी लिहिलं, की वळणाच्या एक-दोन सेकंद आधीच नजर आतल्या कडेवरच्या एका बिंदूवर जाते आणि वळण संपेपर्यंत पुन्हा पुन्हा तिथेच परतते.

हा स्पर्शबिंदू. डोळ्यापासून काढलेली रेषा आतल्या कडेला इथे नुसती चाटून जाते. याच्यापुढे कड उलटी फिरल्यासारखी भासते. समोरच्या दिशेपासून तो जितका बाजूला, तितकं वळण कडक. स्टिअरिंग किती फिरवायचं हे हातांना यावरून कळतं, चालकाला मात्र पत्ताही नसतो. (नजर या बिंदूवरच असते की त्याच्या जरा पुढे, गाडी जाणार त्या वाटेवर, यावर संशोधक अजून भांडतात.) घाटात हा बिंदू शोधून बघा, शेजारच्या सीटवरून, चालवताना नको.

नजर टिपण्याची आजची युक्ती साधी आहे. डोळ्यावर न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा आणि त्याची चकाकी बाहुलीच्या मध्यापासून किती सरकली ते मोजायचं. बारकाईनं आपल्याला दिसतं ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेतलं. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीनदा उडी मारतो. ही उडी कुठे मारायची, ते सरावानं येतं. अमेरिकेत मूरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ साली दाखवलं, की नवशिक्यांची नजर गाडीच्या पुढ्यातच घुटमळते आणि आरशांकडे फारशी जात नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. २००३ साली युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटानं सिम्युलेटरवर हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्यांची नजर तपासली. रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर डोळे स्थिरावले होते, यंत्राची नोंद तशी होती. नंतर विचारलं, तर न बोलता चालवताना पाहिलेल्या फलकांपेक्षा हे फलक कमी ओळखता आले. नजर गेली होती, लक्ष फोनवर होतं.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलमध्ये चालकाचं लक्ष विचलित झालं की इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. मान खाली घालून मोबाइल बघणारा तिच्या तावडीत सापडेल. समोर टक लावून फोनवर भांडणारा मात्र नजरेच्या नोंदीत गुणी बाळच ठरणार.