गोळीच्या जखमेतून उमटलेला दृष्टीचा नकाशा

डोळे शाबूत असूनही माणसाला समोरचे अर्धेच दिसू शकते, कारण बिघाड डोळ्यामागच्या वाटेत असतो. दोन्ही ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यांतले संकेत नेणाऱ्या नसा, मेंदूकडे जाताना एकमेकींना भेटतात आणि तिथे साधारण निम्मे तंतू बाजू बदलतात. अशा अर्धवट अदलाबदलीचा कयास न्यूटनने १७०४ सालीच मांडला होता. पण जिवंत माणसात ही वाट बघण्याचे साधन पुढची कितीतरी दशके नव्हते. १८९५ मध्ये एक्स-रे आले, तेही कवटीच्या हाडापाशी थांबले.

मग नजरेचा कोणता भाग मेंदूत कुठे उमटतो, याचा नकाशा आखला कुणी? खरे तर युद्धाने. रशिया-जपान युद्धात नव्या रायफलींच्या लहान, वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जात आणि अनेक सैनिक वाचत. गेलेल्या नजरेच्या प्रमाणात त्यांचे निवृत्तिवेतन ठरवण्याचे काम जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोउये यांच्याकडे होते. गोळी शिरली कुठे, निघाली कुठे हे मोजून त्यांनी तिचा मेंदूतला मार्ग काढला आणि तो दृष्टिक्षेत्रातल्या, म्हणजे नजर स्थिर ठेवून जेवढे दिसते त्या पट्ट्यातल्या, आंधळ्या भागाशी ताडून पाहिला. १९०९ मध्ये निष्कर्ष छापून आले: नजरेच्या मध्यबिंदूला मेंदूच्या मागच्या भागात अवाच्या सवा जागा मिळालेली आहे. पहिल्या महायुद्धात मेंदूविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी ब्रिटिश जखमींवरून असाच, अधिक बारकाईचा नकाशा केला. नाव झाले ते होम्स यांचेच, इनोउये मागे पडले. मला हे अन्यायाचे वाटते.

१९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला, पुढे एमआरआय आले. १९९१ मध्ये हॉर्टन आणि हॉइट या संशोधकांनी एमआरआयवर दिसणारी इजा दृष्टिक्षेत्राशी जुळवून होम्स यांचा नकाशा सुधारला. नजरेच्या मध्यभागाचा मेंदूतला वाटा होम्स यांनी कमीच धरला होता. त्याच वर्षी उजेड दिसताच मेंदूचा मागचा भाग कसा जागा होतो, हे फंक्शनल एमआरआयने, म्हणजे मेंदूचे चालू काम टिपणाऱ्या एमआरआयने, दाखवले.

खुद्द ऑप्टिक नर्व्हचे चित्र मात्र अवघडच. ती बारीक, डोळ्याबरोबर हलणारी आणि एमआरआयवर पांढऱ्या चमकणाऱ्या चरबीत बुडालेली. चरबीचा संकेत दाबणारी तंत्रे आल्यावर तिची सूज नीट दिसू लागली. या सुजेच्या रुग्णांवरील अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सगळ्यात उपयोगी ठरले ते मेंदूचे स्कॅन: सुरुवातीला त्यात एकही डाग नसलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना १५ वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार) झाला, डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना.

१९९४ नंतर पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंची दिशा काढणारे डिफ्युजन टेन्सर तंत्र आले. फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेत कानशिलामागचा मेंदूचा भाग काढताना दृष्टितंतूंचे पुढे वळलेले वेटोळे तुटले, तर नजरेचा वरचा चतकोर जातो. ते वेटोळे आता आधी पाहता येते. पण तीव्र वळणावर हे तंत्र चाचपडते आणि वेटोळे आहे त्यापेक्षा मागे संपल्यासारखे दाखवू शकते. किती नजर वाचली, हे शेवटी दृष्टिक्षेत्र मोजूनच ठरते.